पांढऱ्या साडीचा रंगीत फोटो

माझा स्वभाव तापट आहे. बेळगावात ज्यांनी ज्यांनी माझ्याकडनं फोटो काढून घेतलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. "मॅडम फोटो झक्कास काढतात, पण त्यांच्या तोंडी लागू नका," असं बजावूनच लोक माझ्याकडं गिऱ्हाईक पाठवतात, आणि मला त्याचा रागही येत नाही. खरं तेच सांगतात बिचारे.

त्यातून रंगीत लाईटचं काम आलं की माझं डोकं जरा लवकरच तापतं. मोबाईलवर कुठलातरी फोटो घेऊन पोरं येतात, अर्धं तोंड निळं, अर्धं लाल, आणि म्हणतात आम्हालाबी असंच पाहिजे. बरं, करू. लाईटच्या तोंडावर रंगीत जिलेटीन पेपर चिमट्यानं अडकवायचा, त्यात काय मोठंसं? पण मग हिरवा पण टाका, जांभळा पण टाका, मागनं जरा केशरी पण येऊ दे, असं सुरू झालं की मी कॅमेरा खाली ठेवते. अरे, हा काय मिसळणाचा डबा आहे, सगळ्यातलं चिमूट चिमूट घालायला? एक रंग तोंडावर, दुसरा मागनं केसांच्या कडेला, बास. खोलीत दुसरा उजेड अजिबात नको, खिडकीच्या फटीतला सुद्धा नको. लाईट जास्त मारला की रंग फिका पडतो, कमी केला की गडद होतो. एकाचा रंग दुसऱ्यावर सांडला की दोन्ही वाया जातात. एवढं सांभाळलं की साधंसुधं माणूसही असं उठून दिसतं की घरचे लोक फोटो दोनदा बघतात.

ह्या कामातलं मला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. तो एका दुपारी माझ्याच स्टुडिओत मोडला, आणि मोडणाऱ्या दोघी मायलेकी होत्या. लेक म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण.

आमची ओळख कॉलेजातली. मी खानापूर तालुक्यातल्या भातशेतीच्या घरातली, ती निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याची थोरली मुलगी. बेळगावात मुलींच्या हॉस्टेलात आम्हाला एक खोली मिळाली आणि पहिल्या आठवड्यातच आमचं वाजलं. ती दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी व्हायची, आणि मी रात्री तिच्या शेजारी बसून कांदा-बटाट्याची भाजी चापायची. ती नाक मुरडायची, मी मुद्दाम बोटं चाटायची. माझ्याशी ती मराठी बोलायची, पण चिडली की तिचं कानडी सुरू व्हायचं. "सुम्न कुंद्रु," म्हणजे गप बस, हे मी तिच्याकडनं इतक्यांदा ऐकलं की मला कानडीतलं पहिलं वाक्य तेच आलं. पुढं दिवस मावळायच्या आत मीही तिच्याबरोबर जेवायला लागले. एकटीनं जेवायला कंटाळा यायचा, दुसरं काही नाही.

आणि रंगांची हौस म्हणाल तर अख्ख्या हॉस्टेलात तिच्यासारखी दुसरी नव्हती. खडेबाजारात बांगड्या घ्यायला गेलो की दुकानदार हात जोडायचा. ओढणीच्या काठात जो हिरवा तोच हिरवा बांगडीत पाहिजे, जरा उजळ नको, जरा काळपट नको. मी फोटोग्राफी शिकायला लागले तेव्हा रंगीत लाईट पहिल्यांदा टाकला तो तिच्यावरच. मिठाईच्या पुड्याचा लाल कागद बॅटरीला बांधला होता. ती त्यात टोमॅटोगत दिसत होती, तरी तिनं तो फोटो कितीतरी दिवस खोलीच्या भिंतीला लावून ठेवला. आल्यागेल्याला दाखवायची, ही बघा मी.

कॉलेज संपलं, मी बेळगावातच स्टुडिओ टाकला, ती गावी गेली. तिच्या गावात एका माताजींचा चातुर्मास होता. माताजी म्हणजे दीक्षा घेतलेल्या साध्वी. ही त्यांच्या आहाराचं करायला जायला लागली, मग प्रवचनाला बसायला लागली, मग त्या पुढच्या गावाला चालत निघाल्या तर ही चार गावं त्यांच्याबरोबर चालत गेली. हळूहळू एकेक सोडत गेली. दागिने सोडले, बाहेरचं खाणं सोडलं, दुसऱ्या वेळचं जेवण सोडलं, लग्नाचा विषय सोडला. मग एकदा भेटायला आली ती पांढऱ्या साडीत. मी दारातच तिला म्हटलं, डोकं फिरलंय काय तुझं? ती हसली आणि आत येऊन बसली. त्या दिवशी मी तिला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, झालं का बोलून, मग च्या कर, माझ्या वाटणीचं नुसतं गरम पाणी कर.

गावात तिला सगळे दीदी म्हणायला लागले. बायका तिच्या पाया पडायच्या. मी तिला आपली पहिल्यासारखीच "ए" म्हणायची, आणि त्यावर तिनं कधी हरकत घेतली नाही.

मग दीक्षेचं ठरलं. ज्यांना ह्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दीक्षा घेतली की घर सुटतं ते कायमचं. अंगावर एक पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, म्हणजे छोटा कुंचा, दिवसातनं एकदा जेवण, आणि चालायचं ते अनवाणी. डोक्यावरचे केस हातानं उपटून काढतात. त्यानंतर ती कुणाची लेक नाही, कुणाची बहीण नाही. नावसुद्धा नवीन. तिची आई तिला भेटायला गेली तर आईनंच वाकून नमस्कार करायचा आणि माताजी म्हणायचं.

पण त्याआधी भरल्या मंडपात दीक्षा देणारे महाराज घरच्यांना विचारतात, तुमची परवानगी आहे का. तिच्या वडिलांनी घरात रडून घेतलं आणि व्हय म्हणून टाकलं. आई मात्र काहीच बोलेनात. नाही असंही म्हणत नव्हत्या. म्हशीचं बघायच्या, भाकरी थापायच्या, आणि विषय निघाला की उठून परसात जायच्या. हिनंही घरात सांगून टाकलं होतं की आईच्या तोंडनं होय आल्याशिवाय मी जाणार नाही. तिला रुसून जायचं नव्हतं आणि आईला रडवूनही जायचं नव्हतं. असं बरेच दिवस चाललं होतं.

आमच्याकडं पुष्कळ ठिकाणी दीक्षेआधी मुलीला नवरीगत सजवतात, मेंदी काढतात, दागिने घालतात, वाजतगाजत मिरवतात आणि मग ते सगळं ती उतरवून ठेवते. आईंचा जीव त्या मिरवणुकीत अडकला होता, तेवढं तरी बघायला मिळेल म्हणून. पण ही म्हणाली, मला नको ते. जे मी कधीच सोडलंय ते मिरवण्यापुरतं परत अंगावर घ्यायचं म्हणजे नाटक. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबरच होतं, पण आईंनी त्या रात्री जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, जाताना मला तुझा एक फोटो देऊन जा, रंगातला, मग मी व्हय म्हणीन.

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं आणि म्हणाली, आम्ही दोघी येतोय, काय करायचं ते तू बघ. मी फोन ठेवला आणि स्टुडिओच्या पायरीवर बसून राहिले. मला ती जायला नको होती. हे मी तिला सोडून सगळ्यांना सांगत होते.

त्या दोघी निपाणीहून एसटीनं आल्या, दुपारी, तिचं एकवेळचं जेवण झाल्यावर. काकूंच्या खांद्याला एक फुगलेली पिशवी होती. मी त्यांना काकूच म्हणते. आल्या आल्या त्यांनी टेबलावर पिशवी उघडली. आत हिरव्या बांगड्यांचा डबा, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला लाल शालू. लेकीची पदवी झाली त्या वर्षी घेऊन ठेवला होता, म्हणे. घडीच्या रेषा कापडात पक्क्या बसल्या होत्या. काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, जरा खांद्यावर टाकायला सांग की तिला, नुसता टाकायला, नेसायचा नाही. लेक बाजूला उभी होती. तिनं शालूवरनं हात फिरवला, फार मायेनं फिरवला, आणि परत घडी घालून आईच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, रंगाचं कापड अंगाला लावणार नाही असा नेम घेतलाय मी, आई, तुला ठाऊक आहे.

काकूंनी मग पिशवीतनं कुंकवाची डबी काढली. एवढं तरी लावू देशील का, असं काही त्या बोलल्या नाहीत, नुसती डबी हातात धरून उभ्या राहिल्या. हिनं कपाळ पुढं केलं. काकूंनी मोठं ठसठशीत कुंकू लावलं.

तेव्हा मला सुचलं. कापडाला नेम आहे, उजेडाला कुठं आहे? पांढऱ्या साडीवर मी लाईटनं रंग टाकला तर तो अंगाला लागत नाही आणि डोळ्यांना मात्र दिसतो. मी तिला विचारलं. तिनं जरा विचार केला आणि मान हलवली. काकूंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण त्या खुर्चीत बसल्या.

मी मागं काळा पडदा सोडला, दार लावलं, खिडकीला जाड कापड लावलं. तिला स्टुलावर बसवलं. आणि मग घाईघाईत तेच केलं जे गिऱ्हाइकांसाठी करते, ह्या बाजूनं निळा, त्या बाजूनं लाल. ते माझ्या हाताला बसलंय ना. कॅमेऱ्यातनं बघितलं तर छान कडक दिसत होतं. काकूंना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ऑर्केस्ट्रातल्या बाईगत दिसालीया. ही माझी पोर न्हवं."

बरोबरच होतं त्यांचं. मी दोन्ही बंद केले आणि समोरच्या तिसऱ्या लाईटवर नुसता लाल लावला, भरपूर. साडी भडक लाल झाली. काकू खुर्चीतनं पुढं सरकल्या. मांडीवरचा शालू आणि समोर बसलेली लेक, दोन्ही एका रंगात. त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं झालं, सुटलं कोडं. मी पटापट फोटो घ्यायला लागले. पण घेता घेता मलाच काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळायच्या आत काकू उठून उभ्या राहिल्या.

"कुंकू कुठं गेलं तिचं?" त्या म्हणाल्या.

लाल उजेडात लाल वस्तू वेगळी दिसत नाही. कातडीही तांबूस, कुंकूही तांबूस, सगळं एकात एक मिसळून जातं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्याकडं येणाऱ्या मुली काळी नाहीतर चमचमती टिकली लावून येतात, मला कुंकवावर लाल लाईट टाकायची वेळच कधी आली नव्हती. स्क्रीनवर माझी मैत्रीण लाल साडीत बसली होती आणि तिचं कपाळ कोरं होतं. काकू परत खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी त्यांना सांगत राहिले, काकू, आहे हो तिथंच, लाईटमुळं दिसत नाही, हे बघा लाईट बंद केला की दिसतंय. त्या नुसती मान हलवत होत्या.

मी लाल काढून हिरवा लावला. साडी हिरवीगार झाली आणि कुंकू काळं पडलं, तान्ह्या बाळाला तीट लावल्यागत. निळा लावला तर कुंकू काळं ते काळंच, वर चेहरा आजारी दिसायला लागला. मी परत हिरवा लावला. मी कागद बदलत होते, चिमटे खाली पडत होते, आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

आणि तेव्हा माझ्या मनात आलं की राहू दे. नाही जमत म्हणून सांगते. फोटो नाही तर काकूंचं व्हय नाही, आणि काकूंचं व्हय नाही तर ही जात नाही. बास. मी काही वाईट करत नाही, नुसतं हात वर करायचे. कधीतरी परत खडेबाजारात जाऊ, परत भांडू. माझा हात लाईटच्या बटणावर तसाच राहिला असेल काही वेळ. मैत्रीण स्टुलावरनं माझ्याकडं बघत होती. इतकी वर्षं एका खोलीत राहिलेल्या माणसापासून काय लपतंय?

ती हळूच म्हणाली, "नीट काढ गं. तू काढलेलाच तिच्याजवळ राहणार हाय."

मला रडूच आलं. रडू आलं की मला राग येतो, आणि रागाच्या भरात मी तिन्ही लाईट एकदम चालू केले. डावीकडं लाल, समोर हिरवा, उजवीकडं निळा, सगळे पूर्ण. आणि तिच्यावर पांढरा उजेड पडला. साडी पांढरी स्वच्छ, कुंकू लाल, चेहरा तिचा जसा आहे तसा. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेलं असतं, तीन रंगांचा उजेड मिसळला की पांढरा होतो. निळा कागद उजेड फार खातो म्हणून तो लाईट मी जरा जवळ ओढला, हिरवा थोडा मागं नेला, आणि राहिलेली हिरवट झाकही गेली. दिसायला फार सुंदर होतं ते. ट्यूबलाईटसारखं सपाट नाही, मऊ, तिन्ही बाजूंनी आलेलं.

काकूंनी पदर बाजूला करून बघितलं. म्हणाल्या, एवढा सगळा खटाटोप करून शेवटी पांढरंच व्हय? त्यावर ती स्टुलावर बसून हसायला लागली. मग मीही हसले. काकू हसल्या नाहीत, पण त्यांचा राग गेला होता. त्या उठल्या. लेकीच्या कपाळावर केसांची एक बट आली होती, ती मागं सारायला त्या लाईटच्या मध्ये गेल्या.

फोटो काढताना कुणी लाईटच्या मध्ये आलं की मी खेकसते. तशी तोंड उघडून खेकसणारच होते, आणि माझा शब्द तोंडातच राहिला. काकूंचा हात पुढं झाला आणि लेकीच्या पांढऱ्या साडीवर रंग पडला. खांद्यावर हळदीसारखा पिवळा, छातीवर राणी रंग, दुसऱ्या बाजूला मोरपिसातला हिरवा-निळा. हात हलला की रंग हलत होते. मागं काळा पडदा असल्यामुळं सावल्यांकडं तोवर माझंही लक्ष गेलं नव्हतं. तीन रंगांच्या उजेडात सावली काळी पडत नाही. हात ज्या लाईटला अडवतो तेवढा रंग वजा होतो आणि उरलेल्या दोघांचा मिळून तिसराच काहीतरी दिसतो.

काकूंनी हात मागं घेतला. रंग गेले. परत पुढं केला. रंग आले. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "ह्यो रंग कुठनं यालाय?"

"तुमच्या हाताची सावली हाय ती, काकू," मी म्हणाले.

त्या हाताकडं बघत राहिल्या. भाकरी थापून थापून रुंद झालेला हात, मनगटात काचेच्या दोनच बांगड्या. मग त्यांनी लेकीला विचारलं, सावली पडली तर तुझ्या नेमाला चालतंय का? ती म्हणाली, आई, सावलीला कसला नेम.

काकू वेगवेगळ्या बाजूनं हात धरून बघायला लागल्या, कुठनं कुठला रंग येतो ते. राणी रंग आला की थोडा वेळ थांबायच्या. मोरपंखी आला की मान वाकडी करून बघायच्या. बाजारात कापड पारखतात तसं चाललं होतं. मग पिवळा आला आणि त्या थांबल्या. फार हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, नुसता हाच पाडता येतो का, बाकीचे नकोत.

येत होता. पिवळा पाहिजे तर निळा लाईट अडवायचा. मी त्यांना उजवीकडं घेतलं, निळ्या लाईटसमोर उभं केलं, हात कुठं धरायचा ते दाखवलं. त्यांनी हात धरला. लेकीच्या पायावर पिवळा डाग पडला.

हळद आमच्या बाजूला पायांपासून चढवतात. आधी पावलं, मग गुडघे, मग खांदे, मग गाल आणि कपाळ. काकूंनी तशीच चढवली. हात हवेत धरलेला, लेकीपासून चांगला लांब, आणि त्याची सावली तिच्या पावलांवर. दोन्ही पावलांवर. मग गुडघ्यांवर, साडीच्या पांढऱ्यावर ती हळद अशी उठून दिसत होती की मला वास आल्याचा भास झाला. मग खांद्यांवर. काकूंचे ओठ हलत होते, काहीतरी म्हणत होत्या त्या, गाणं होतं की नुसतंच पुटपुटणं ते मला ऐकू आलं नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला होता आणि फोटो काढत होते, डोळ्यांतलं पाणी कॅमेऱ्याला लागत होतं तरी काढत होते. गालांवर सावली आली तेव्हा तिनं डोळे मिटले. लग्नात हळद लावताना मुली मिटतात तसेच. कपाळ पिवळं झालं आणि त्या पिवळ्यात कुंकू जसंच्या तसं, लाल होतं.

स्टुडिओत नुसता लाईटच्या पंख्यांचा आवाज येत होता. बाहेर रस्त्यावरनं कुणीतरी भाजी ओरडत गेलं. काकूंनी सावली परत एकदा गालावर आणली. आणि मग, माझ्याकडं न बघता, लेकीकडं बघत त्या म्हणाल्या, "विचारू देत महाराजांनी. मी व्हय म्हणीन."

ज्यासाठी ती इतके दिवस थांबली होती ते झालं होतं. मला वाटलं ती उठेल, आईच्या पाया पडेल. ती उठली नाही. काकूंचा हात भरून आला असणार, त्या तो खाली घेऊ लागल्या, आणि सावली तिच्या गालावरनं सरकून खांद्यावर आली.

सगळं सोडून निघालेली माझी मैत्रीण डोळे न उघडताच म्हणाली, "आई, एवढ्यात काढू नको हात."

काकूंनी तो परत वर धरला. जड व्हायला लागला तसा दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला आणि तशाच उभ्या राहिल्या.